मॉडेल स्टीम इंजिनाच्या बॉयलरवर अडकलेला सेफ्टी व्हॉल्व्ह: काढायचा कसा, बदलायचा कसा

माळ्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलेलं वाफेचं मॉडेल इंजिन हाती आलं की कधी एकदा पाणी भरून पेटवतो असं होतं. पण घोडं पहिल्याच पायरीवर अडतं. पाणी भरायचं ते सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की वाफ सोडणारी झडप) काढून, आणि तो जागचा हलत नाही. मग मोठा पाना येतो, बॉयलर दोन गुडघ्यांत धरला जातो, जोर लागतो. व्हॉल्व्ह सुटतो, पण सोबत बॉयलरच्या पत्र्यातली बुशही (व्हॉल्व्ह ज्यात फिरतो ते पितळी कडं) उखडून येते.

इथे मी इंग्लंडच्या मामोड इंजिनांचं उदाहरण धरून लिहितो आहे. जेफ्री मॅलिन्स यांनी १९३७ साली बर्मिंगहॅममध्ये हा कारखाना सुरू केला. १९६३ साली आलेलं त्यांचं टीई-१ ट्रॅक्शन इंजिन आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात सहज दिसतं, आणि इंग्लंडमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांकरवी ही इंजिनं आपल्याकडेही येतात. जर्मनीतल्या ल्युडनशाइडच्या विलेस्को इंजिनांनाही रीत हीच, फक्त आट्यांची मापं वेगळी.

सगळं काम एका हिशोबावर चालतं. व्हॉल्व्ह नवा विकत मिळतो, त्या काळचा धड बॉयलर मिळत नाही. म्हणून ‘व्हॉल्व्ह वाचेल का’ हा प्रश्नच मनातून काढून टाका. तो कापावा लागला, भोक पाडून संपवावा लागला तरी चालेल. बुश, तिचे आटे आणि भोवतीचा पत्रा शाबूत राहिला पाहिजे.

आधी न पेटवण्याचं ठरवा

व्हॉल्व्ह निघत नाही म्हणून शिट्टीच्या भोकातून किंवा पाण्याच्या पातळीच्या पेचातून पाणी भरून इंजिन चालवणारे लोक आहेत. हे कधीही करू नका. जो व्हॉल्व्ह आट्यांत अडकला आहे, तो आतल्या बैठकीवरही (जिथे टेकून तो बंद होतो ती जागा) चिकटलेला असण्याची दाट शक्यता असते. मग वाफेला वाट उरत नाही. दोलायमान सिलिंडर (झुलत वाफेचं भोक उघडणारा-मिटणारा) दाब वाढला की आपल्या स्प्रिंगवर थोडा उचलला जातो आणि वाफ सोडतो हे खरं, पण ती काही सुरक्षेची सोय नव्हे.

काय अडकलंय आणि कशामुळे

भिंग घेऊन उजेडात बसा. या बॉयलरचा पत्रा अगदी पातळ असतो. त्याला आतून किंवा बाहेरून एक पितळी बुश डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेली असते, आणि व्हॉल्व्हचे आटे त्या बुशमध्ये फिरतात. तुमचा सगळा जोर शेवटी त्या डागावर येतो, हे काम संपेपर्यंत विसरू नका.

अडकण्याची कारणं साधारण चार. जड पाण्याचे क्षार आट्यांत बसलेले असतात. पितळेवर हिरवा कळंक चढून तो आट्यांत फुगलेला असतो. जुना फायबर वॉशर भाजून दोन्ही बाजूंना चिकटलेला असतो. किंवा गळती थांबावी म्हणून कुणीतरी सीलंट लावून व्हॉल्व्ह भरमसाट आवळलेला असतो. पांढरं किंवा हिरवं किटण दिसलं तर आम्लाने काम होईल. सीलंट असेल तर आम्लाचा उपयोग नाही, उष्णता लागेल.

बुशभोवती पत्र्याला खळगा पडलाय का, चीर आहे का, हे आत्ताच बघा. बॉयलरच्या टोकांच्या कडांवर डागाचे चंदेरी थेंब ओघळलेले दिसले, तर हा बॉयलर कधीतरी कोरडा तापला आहे. अशा बॉयलरचे सगळेच सांधे संशयास्पद धरा. पितळ कुठे गुलाबी आणि ठिसूळ वाटत असेल, तर त्यातलं जस्त निघून गेलं आहे. तिथे मेहनत घेऊन उपयोग नाही, तो बॉयलर शोभेला ठेवावा.

मोठ्या मॉडेलवर जुनं दोरीचं पॅकिंग किंवा राखाडी गॅस्केट असेल तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडू नका. ओलं करून, मास्क लावून काढा आणि पिशवीत बंद करा.

हत्यारं

बारा कोनांचा सॉकेट नको, सहा कोनांचाच घ्या. बारा कोनांचा सॉकेट पितळेचे कोपरे गोल करतो. दातेरी पकड तर बाजूलाच ठेवा. व्हॉल्व्हला षटकोनी बूड नसून नुसतं नर्लिंग (पकडीसाठी पाडलेल्या बारीक रेघा) असेल, तर चामड्याची पट्टी गुंडाळून गुळगुळीत जबड्याच्या पकडीने धरायचं. याशिवाय ८० ते १०० वॅटची सोल्डरिंग आयर्न, इंजेक्शनची सिरिंज आणि बारीक नळी, लिंबूसत्त्व, पातळ भेदक तेल, पिच गेज (पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ओळखायची दातेरी पट्टी) आणि व्हर्नियर एवढं लागतं.

बॉयलर व्हाइसमध्ये थेट धरायचा नाही, नळकांडं चपटं होईल. दोन लाकडी ठोकळ्यांना बॉयलरच्या गोलाईएवढी खाच पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावा आणि त्यांत तो धरा. पकड बुशच्या जितकी जवळ तितकी चांगली.

पहिला उपाय: आतून आम्ल

लोक बाहेरून तेल सोडत राहतात, पण क्षार असतात आतल्या बाजूला. म्हणून सुरुवात आतून करा. शिट्टी किंवा पातळीचा पेच निघत असेल तर वाट मोकळी आहे. काहीच निघत नसेल, तर सिलिंडर सोडवा. त्यामागच्या वाफेच्या भोकातून नळी लावलेल्या सिरिंजने द्रावण आत जातं. थोडं ढकलायचं, थोडी हवा बाहेर येऊ द्यायची, असं करत बॉयलर भरतो.

१०० मिलिलीटर कोमट पाण्यात ५ ग्रॅम लिंबूसत्त्व पुरे. बॉयलर उलटा ठेवा, म्हणजे द्रावण बुशच्या आतल्या तोंडाशी साचेल. क्षार विरघळताना वायू निघतो, त्यामुळे एक तोंड उघडं असलंच पाहिजे. वीस मिनिटांनी ओतून टाका, पाणी किती गढूळ आलं ते बघा, आणि गढूळ येत असेल तर पुन्हा ताजं द्रावण भरा. रात्रभर ठेवायचा मोह आवरा. आम्ल पितळेतलं जस्त खाऊ लागतं आणि धातू गुलाबी पडतो. शेवटी चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुऊन साध्या पाण्याने दोन-तीनदा विसळा.

पितळ उजळायला आपल्याकडे चिंच किंवा पावडर वापरतात. बाहेरून हरकत नाही, पण पावडरचे कण आट्यांत आणि व्हॉल्व्हच्या बैठकीत जाऊ देऊ नका. अमोनिया असलेलं कुठलंही द्रावण मात्र बॉयलरजवळसुद्धा आणायचं नाही. यामागे भारताशी जोडलेला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात, आणि ती आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि पितळ ओढताना धातूत राहिलेला ताण, या दोहोंमुळे हे होतं असं १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिलं. दाबून आकार दिलेला बॉयलरचा पत्राही असाच ताण पोटात घेऊन असतो.

दुसरा उपाय: तेल आणि वेळ

बॉयलर सुकवून आता भेदक तेल लावा, बाहेरून आट्यांच्या कडेला आणि आतूनही. सिरिंजने चार-पाच मिलिलीटर तेल आत सोडून बॉयलर उलटा ठेवला की ते बुशच्या आतल्या तोंडाशी बसतं. ॲसिटोन आणि गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल समप्रमाणात मिसळूनही चांगलं भेदक तेल होतं, पण ते रंगावर पडू देऊ नका आणि जवळपास ज्योत नको.

कमीत कमी एक दिवस जाऊ द्या. मधूनमधून व्हॉल्व्हच्या डोक्यावर पितळी दांडी टेकवून छोट्या हातोडीने हलके ठोके द्या. ठोका व्हॉल्व्हवर बसला पाहिजे, पत्र्यावर नाही. या कंपनांनी तेल आट्यांत उतरतं. घाई असणाऱ्याला हा उपाय नकोसा वाटतो, पण कमीत कमी नुकसान करणारा हाच आहे. दोन दिवस लागले तर लागू द्या.

तिसरा उपाय: तापवणं आणि गार करणं

जुन्या खेळण्यातल्या बॉयलरचे सांधे कथिल-शिशाच्या मऊ डागाचे आहेत असंच धरून चाला. हा डाग १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो, आणि त्याच्या बराच आधी त्याची ताकद उतरते. म्हणून ब्लो-लॅम्प किंवा गॅसची ज्योत इथे चालत नाही.

बुश आणि व्हॉल्व्ह दोन्ही पितळेचे, त्यामुळे दोन्ही सारखेच तापले तर फायदा काहीच नाही. बुश गरम आणि व्हॉल्व्ह गार हवा. उघड्या तोंडातून बॉयलरमध्ये उकळतं पाणी भरा, अर्धा मिनिट थांबा, आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावर बर्फाचा खडा दाबून धरा. पाव इंची आट्यावर ६० अंशांचा फरक पडला तर व्यासात साधारण ७ मायक्रॉनचा फरक पडतो. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो, पण आट्यांतल्या क्षाराची ठिसूळ पकड मोडायला पुरतो. बर्फ काढल्याबरोबर लगेच पाना लावा, कारण पितळेत उष्णता फार वेगाने पसरते आणि फरक काही सेकंदच टिकतो.

सीलंट असेल तर उलट करायचं. बॉयलर पाण्याने भरलेला आणि एक तोंड उघडं ठेवून, सोल्डरिंग आयर्नचं टोक व्हॉल्व्हच्या षटकोनावर मिनिटभर टेकवा. उष्णता व्हॉल्व्हपुरती राहते, आणि पाण्याला टेकलेला पत्रा १०० अंशांच्या वर फारसा जात नाही, म्हणून डाग सुरक्षित राहतो. सीलंट मऊ पडतं.

फिरवायचं कसं

पहिला जोर उलटा, म्हणजे आवळायच्या दिशेने, तोही केसभर. यातच बरेचदा क्षाराचा थर तडकतो. मग सोडवायच्या दिशेने. हललं की थेट काढत सुटू नका. एक अष्टमांश फेरा पुढे, थोडं मागे, तेलाचा थेंब, पुन्हा पुढे. सुटलेली किटाची भुकटी आट्यांत भरून व्हॉल्व्ह दुसऱ्यांदा अडकतो तो याच टप्प्यावर.

पाना लहान घ्या आणि डाव्या हाताचं बोट बुशच्या कडेवर ठेवा. पत्रा किंचितही वळतोय असं बोटाला जाणवलं, किंवा बुशभोवतीचा रंग तडकला, तर तिथेच थांबा. मग पुन्हा आम्ल, पुन्हा तेल. दोन-तीन फेऱ्यांनंतरही ढिम्म असेल तर पुढच्या उपायाला लागा, जोर वाढवू नका.

व्हॉल्व्ह तुटला किंवा निघतच नाही

षटकोनाचे कोपरे गेले असतील तर कानशीने समोरासमोर दोन सपाट बाजू काढा आणि छोट्या पान्याने धरा. डोकंच तुटून आट्यांचा तुकडा बुशमध्ये राहिला असेल, तर ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. बाजारात निमुळते एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला तुकडा फिरवून काढायची हत्यारं) मिळतात, ते मी इथे वापरूच नका म्हणेन. ते तुकड्याला आतून फुगवतात, तुकडा बुशला आणखी घट्ट धरतो, आणि पातळ बुश फाटते.

सेफ्टी व्हॉल्व्हला मध्ये मुळातच भोक असतं, ही सोय आहे. दांडी आणि स्प्रिंग ओढून किंवा कापून काढा. तुकडे आत पडले तर नंतर हलवून बाहेर येतात. जुन्या मामोड व्हॉल्व्हचा आटा पाव इंच व्यासाचा, इंचाला २६ आटे असा असतो, आणि त्याचा गाभा सुमारे ५.१ मिलिमीटरचा. आधी ४, मग ४.५, शेवटी ५ मिलिमीटरचं ड्रिल लावा, शक्यतो उभ्या ड्रिल मशीनवर आणि हळू. ड्रिलच्या कापणाऱ्या कडा दगडावर किंचित बोथट केल्याशिवाय पितळेला लावू नका. धारदार ड्रिल पितळेत एकदम घुसतं आणि सगळा बॉयलर फिरवतं. गाभा निघाला की आट्यांची पातळ वेटोळी उरते. सुईच्या टोकाने एक कड आत वळवली की ती स्प्रिंगसारखी उलगडून येते. कीस आत पडू नये म्हणून भोकाखाली ग्रीस लावलेला कापूस अडकवून ठेवा, आणि तरी पडेलच म्हणून नंतर भरपूर पाण्याने विसळा.

पितळेत पोलादी स्क्रू तुटला असेल, उदाहरणार्थ कुणी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या चौकटीला पोलादी स्क्रू वापरले असतील, तर जुन्या घड्याळजींची युक्ती कामी येते. तुरटीचं गरम, दाट द्रावण करून तो भाग त्यात बुडवून ठेवा. तुरटी पोलाद हळूहळू खाते आणि पितळेला जवळपास धक्का लावत नाही. काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो, आणि द्रावण गरम राखलं तर काम लवकर होतं. बाकीचा एकही पोलादी भाग त्यात जाऊ देऊ नका.

आटे साफ करणं आणि माप ओळखणं

लगेच टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) फिरवू नका, तो चांगलं पितळही कापतो. त्याच आट्याच्या पितळी बोल्टला करवतीने उभी खाच पाडली की आटे साफ करायचं हत्यार तयार होतं. ते तेल लावून हाताने फिरवा. घाण खाचेत जमते, धातू कापला जात नाही.

नवा व्हॉल्व्ह घेण्याआधी व्यास आणि पिच दोन्ही मोजा. फसगत इथेच होते. पाव इंच २६ चा पिच ०.९७७ मिलिमीटर, आणि आपल्याकडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातल्या एम ६ बोल्टचा १ मिलिमीटर. एम ६ त्या बुशमध्ये चार फेरे छान फिरतो, बसल्यासारखाही वाटतो. पण व्यास ६.३५ ऐवजी ६ असल्याने आट्यांची पकड अर्धवटच असते. वाफेच्या दाबावर असं फिटिंग उडू शकतं. शून्य बीए या जुन्या ब्रिटिश मापाचा आटाही ६ मिलिमीटर आणि १ मिलिमीटर पिचचा, पण त्याचा कोन ४७.५ अंशांचा, मेट्रिकचा ६० अंशांचा. जुळतात असं वाटलं तरी ते जुळत नाहीत. टॅपच हवा असेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर विचारणा करा, पण सोबत पिच गेज आणि जुन्या व्हॉल्व्हचा तुकडा न्या.

बुशच गेली तर

आटे झिजले असतील आणि बुशला पुरेशी जाडी असेल, तर वरच्या मापाचा आटा पाडून मधे एक पितळी बाही बसवता येते. लेथवाल्याकडून ती करून घ्या. बुश सैल झाली किंवा पत्रा फाटला, तर नवी बुश डाग देऊन बसवावी लागते. कथिल-चांदीचा ९६/४ डाग २२१ अंशांना वितळतो आणि साध्या डागापेक्षा मजबूत असतो. तो देताना बाकीचे सांधे ओल्या फडक्याने गार ठेवा. जिथे आधी शिशाचा डाग होता तिथे चांदीचा कडक डाग देण्याचा प्रयत्न करू नका. ६०० अंशांच्या वर उरलेलं शिसं आणि कथिल पितळेत शिरून त्याला खातं, आणि सांधा धरत नाही. साडेतीन किंवा पाच इंची गेजच्या (रुळांमधल्या अंतराच्या) मोठ्या इंजिनांचे तांब्याचे बॉयलर चांदीच्या डागाचे असतात. त्यांना बुश पितळेची नको, कांशाची किंवा गनमेटलची हवी, आणि ते काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावं.

पाण्याच्या काचेचं काम त्या मानाने सोपं आहे. स्क्रू काढा, जुनं गॅस्केट भिजवून खरवडा, नवी काच दोन नव्या गॅस्केटांमध्ये ठेवा आणि स्क्रू समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी आवळली तर काच तडकते.

नवा व्हॉल्व्ह बसवणं

नवा फायबर वॉशर, आट्यांवर ग्रॅफाइट ग्रीसचा पुसट हात, आणि बोटाने घट्ट झाल्यावर पान्याने एक अष्टमांश फेरा. एवढंच. सीलंट नको. टेफ्लॉन टेपही सेफ्टी व्हॉल्व्हवर नको, कारण तिचा एखादा धागा बैठकीत अडकला तर व्हॉल्व्ह एकतर गळतो किंवा उघडतच नाही. दुसऱ्या इंजिनातून काढलेला जुना व्हॉल्व्हही लावू नका. त्याची स्प्रिंग किती दाबावर उघडेल याची काय खात्री?

थंड पाण्याची चाचणी

ही चाचणी टाळून इंजिन पेटवायचं नाही. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी बंद पेच लावा, वाफेचं भोक बंद करा, बॉयलर पाण्याने काठोकाठ भरा आणि हातपंपाला प्रेशर गेज जोडून दाब चढवा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा सुटला तर थोडं पाणी उडतं आणि दाब तिथेच मरतो. हवा असेल तर मात्र तुकडे उडतात. ब्रिटनमधल्या मॉडेल इंजिनिअरिंगच्या क्लबांचा प्रघात असा, की नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दुप्पट आणि जुन्याला दीडपट दाब द्यायचा. दीड बारवर चालणाऱ्या बॉयलरची बुश तुम्ही बदलली असेल, तर माझ्या मते तो नवा धरून ३ बार द्यावा. नुसता व्हॉल्व्ह बदलला असेल तर सव्वादोन पुरे. दहा-पंधरा मिनिटं काटा स्थिर राहायला हवा. टोकं फुगली किंवा सांध्यावर दव दिसलं, तर तो बॉयलर नापास.

मग वाफेवर. तेलाचा अंश राहिला तर पाणी फेसाळून सिलिंडरमध्ये जातं, म्हणून आधी भांडी घासायच्या द्रवाने गरम पाण्यात आतून धुऊन घ्या. इंजिन बंद ठेवून पूर्ण ज्योतीवर व्हॉल्व्ह उघडू द्या, आणि शक्य असेल तर गेज लावून बघा. उघडल्यानंतर दाब ठरल्या आकड्याच्या दहा टक्क्यांहून वर जाता कामा नये. तोंड, हात आणि मुलं व्हॉल्व्हच्या वर नकोत.

पुन्हा अडकू नये म्हणून

बोअरचं पाणी घालू नका. डिस्टिल्ड किंवा गाळून घेतलेलं पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. इंजिन थांबलं, दाब पूर्ण उतरला की बॉयलर कोमट असतानाच पाणी ओतून टाका आणि व्हॉल्व्ह एक फेरा सैल करून ठेवा, म्हणजे आतली वाफ सुकेल आणि वॉशर चिकटणार नाही. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत पावसाळ्यापूर्वी सगळी फिटिंग्ज एकदा काढून, आट्यांना ग्रॅफाइट लावून परत बसवा. पुढच्या वेळी इंजिन बाहेर काढल्यावर पेटवण्याआधी व्हॉल्व्हची दांडी बोटाने वर उचलून बघा. ती सहज उचलली गेली आणि सोडल्यावर झटकन खाली बसली, तरच पाणी भरा.